वेगाचा हिशेब: प्राणी किती धावतात आणि का

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत प्राण्यांच्या वेगाची यादी हमखास असते. चित्ता ताशी ११० किलोमीटर, सेलफिश मासा जवळपास तेवढाच, बहिरी ससाणा त्याच्या तिप्पट, आणि तळाशी कासव व स्लॉथ. या आकड्यांच्या मुळाशी जाऊ लागलं की दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे त्यांतले कित्येक आकडे कधी नीट मोजलेलेच नव्हते. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. प्राण्याला जास्तीत जास्त किती वेग गाठता येतो हा एक प्रश्न, आणि जगताना तो प्रत्यक्षात किती वेग वापरतो हा दुसरा. गेल्या पन्नासेक वर्षांत अभ्यासकांचं लक्ष पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्याकडे वळत गेलं आहे. या वाटेवर काही वाद मिटले, काही नव्याने उभे राहिले.

आकडे कुठून आले

प्राण्यांच्या धावेचं जाणतं निरीक्षण प्रयोगशाळेच्या फार आधीचं आहे. चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवण्याची रीत आपल्याकडे मोगलांपासून संस्थानिकांपर्यंत चालत आली. कोल्हापूर संस्थानात ती विसाव्या शतकातही टिकून होती आणि चित्ते सांभाळणारे, शिकवणारे चित्तेपारधी तिथे होते. पद्धत ठरलेली असे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीत बसवायचं. काळविटांना बैलगाडीची सवय असते, म्हणून ती कळपाच्या शक्य तितकी जवळ न्यायची आणि मग टोपी काढून चित्ता सोडायचा. पहिल्या काहीशे मीटरांत काळवीट हाती लागलं नाही तर चित्ता धाव सोडून देतो, हे या माणसांना पक्कं ठाऊक होतं. चित्त्याचा वेग मोठा पण क्षणांचा, हे ज्ञान त्यांच्या कामातच मुरलेलं होतं. शास्त्राला ते आकड्यांत मांडायला बराच काळ लागला.

शास्त्राची सुरुवात कॅमेऱ्याने झाली. भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का, या प्रश्नाचं उत्तर एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून दिलं. पाय सुटतात. फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून उडत्या पक्ष्यांच्या हालचाली टिपल्या. हालचाल कशी होते हे दिसू लागलं, पण रानातल्या प्राण्याचा वेग मोजणं मात्र पुढची कित्येक दशकं अंदाजाचंच काम राहिलं. जीपच्या वेगमापकावर नजर ठेवून पळत्या जनावराशी बरोबरी करणं हीच पद्धत होती.

चित्त्याच्या बाबतीत हा प्रवास स्पष्ट दिसतो. ताशी ११० च्या पुढचा आकडा १९५० च्या दशकापासून पुस्तकांतून फिरत होता. क्रेग शार्प यांनी १९६५ मध्ये केनियात एका चित्त्याची २०१ मीटरांची धाव काळजीपूर्वक मोजली, तेव्हा वेग भरला ताशी सुमारे १०४ किलोमीटर. सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातल्या सारा नावाच्या मादीने २०१२ मध्ये १०० मीटर अंतर ५.९५ सेकंदांत कापलं. पण हे सगळे प्राणी माणसाच्या सहवासात वाढलेले, आखलेल्या सरळ पट्टीवर पळणारे होते. मोकळ्या रानातलं पहिलं भरघोस मोजमाप २०१३ मध्ये आलं. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या ॲलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी बोत्स्वानातल्या पाच चित्त्यांच्या गळ्यात जीपीएस आणि प्रवेगमापक असलेल्या कॉलर बांधल्या आणि ३६७ धावा नोंदवल्या. सर्वाधिक वेग निघाला ताशी ९३ किलोमीटर. बहुतेक शिकारींत चित्ता याच्या जवळपासही गेला नव्हता. धावेतल्या कमाल वेगाची सरासरी होती ताशी ५४ च्या आसपास, आणि तो वेगही एक-दोन सेकंदच टिकत होता.

माशांच्या बाबतीतली घसरण आणखी मोठी आहे. सेलफिशचा ताशी ११० चा आकडा फ्लोरिडातल्या मासेमारीच्या एका तळावरून आला. गळाला लागलेल्या माशाने १०० यार्ड दोरी तीन सेकंदांत ओढून नेली, एवढाच त्याचा आधार. २०१६ मध्ये माशाच्या स्नायूला आकुंचन पावायला किती वेळ लागतो आणि शेपटीच्या एका फटक्यात तो किती पुढे जातो, यावरून हिशेब मांडला गेला. तो सेकंदाला ८ मीटरांच्या थोडा वर, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या आसपास आला. शिवाय सेकंदाला १० ते १५ मीटरांच्या पुढे गेल्यास पाण्यात बुडबुडे तयार होऊन परांना आणि शेपटीला इजा व्हायचा धोका असतो, असं भौतिकशास्त्राच्या बाजूनेही दाखवलं गेलं आहे. हत्तीचंही तसंच. ताशी ४० चा आकडा सर्रास सांगितला जाई. जॉन हचिन्सन यांनी थायलंडमधले हत्ती पळवून २००३ मध्ये जे मोजलं, त्यात कमाल वेग ताशी २५ च्या जवळ होता आणि चारही पाय एकाच वेळी हवेत गेल्याचं कधीच दिसलं नाही.

हवेतल्या आकड्यांची तुलना तर वेगळीच करावी लागते. बहिरी ससाण्याचा ताशी ३८९ किलोमीटर हा वेग विमानातून सोडलेल्या प्रशिक्षित पक्ष्याच्या सुरकांडीचा आहे. तिथे मुख्य जोर गुरुत्वाकर्षणाचा असतो. पंख मारत सपाट उडताना नीट मोजलेल्या वेगांत पाकोळीच्या कुळातल्या युरोपीय स्विफ्टचा ताशी १११ किलोमीटर हा वेग वरच्या क्रमांकावर आहे. टेक्सासमधल्या एका वटवाघळाच्या जातीने ताशी १६० गाठल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं, पण त्यात वाऱ्याचा हात किती होता यावर मतभेद आहेत.

मधल्या आकाराचेच का?

इथून पुढे सिद्धान्ताचा भाग सुरू होतो. स्नायूंच्या अभ्यासासाठी नोबेल मिळवलेले ए. व्ही. हिल यांनी १९५० मध्ये एक साधा पण चकित करणारा युक्तिवाद मांडला. एक किलो स्नायू एका आकुंचनात जवळपास ठरावीकच काम करू शकतो. शरीराच्या एका किलोला अमुक वेग द्यायला लागणारी ऊर्जाही ठरलेली. मग ठेवण सारखी असेल तर उंदीर आणि घोडा यांचा कमाल वेग सारखाच यायला हवा. प्रत्यक्षात तसं दिसत नाही. थिओडोर गार्लंड यांनी १९८३ मध्ये १०६ सस्तन प्राण्यांचे वेग एकत्र केले, तेव्हा आलेख मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना उतरता निघाला. त्यांच्या हिशेबात सर्वांत फायद्याचं वजन होतं ११९ किलोच्या आसपास. लहान प्राणी हळू हे सहज पटतं. पण हत्तीकडे एवढे लांब पाय आणि एवढा स्नायू असून तो मागे का?

यावर तीन प्रकारची उत्तरं आहेत. पहिलं उत्तर हाडांचं. वजन वाढतं त्या प्रमाणात हाडांचा आणि स्नायूंचा छेद वाढत नाही, म्हणून मोठ्या प्राण्यांना पाय ताठ ठेवून, धक्के टाळत चालावं लागतं. हचिन्सन आणि गार्सिया यांनी २००२ मध्ये याच दिशेने टायरॅनोसॉरसचा हिशेब केला. जोरात पळायचं तर त्या डायनासॉरच्या पायांत शक्य नाही एवढा स्नायू असायला हवा होता, असा निष्कर्ष निघाला.

दुसरं उत्तर इंधनाचं. जर्मनीतल्या मिरियम हर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जमीन, हवा आणि पाण्यातल्या ४७४ जातींची माहिती जमवली. मोठ्या शरीराला वेग घ्यायला जास्त वेळ लागतो. वेगवान स्नायूतंतूंजवळचं, ऑक्सिजनशिवाय जळणारं इंधन मात्र काही क्षणांत संपतं. त्यामुळे कमाल वेगाला पोचण्याआधीच मोठ्या प्राण्याची शिदोरी संपते. एकाच सूत्रात माशीपासून देवमाशापर्यंत सगळे बसतात, हे या मांडणीचं आकर्षण. पण शारीरक्रियेचे बारकावे एका वक्ररेषेत गुंडाळले जातात, ही तिच्यावरची टीकाही वाजवी आहे.

तिसरं उत्तर स्नायूच्या आतलं आहे. डेव्हिड लाबॉन्टे आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ते मांडलं. स्नायूला दोन मर्यादा असतात: तो किती वेगाने आखडू शकतो आणि किती आखडू शकतो. लहान प्राणी पहिल्या मर्यादेला आधी भिडतात, मोठे दुसरीला. दोन्ही मर्यादा सुमारे ५० किलोपाशी भेटतात आणि चित्त्याचं वजन नेमकं त्याच टप्प्यात येतं. गार्लंड यांचे ११९ आणि हे ५० यांतला फरक लहान नाही, पण दोन्ही आकडे मधल्या आकारालाच झुकतं माप देतात. मला तिसरी मांडणी जास्त भरवशाची वाटते. तिची सुरुवात स्नायूपासून होते, आणि म्हणून ती प्रयोगाने खोडता किंवा टिकवता येते. पण तीन उत्तरांपैकी एकच खरं असायला हवं असंही नाही. हत्तीला हाडं अडवत असतील आणि उंदराला स्नायूचा वेग.

एक उपप्रश्न पाय आणि जमीन यांतल्या बळाचा आहे. माणसांत वेगवान धावपटू पाय अधिक भराभर हलवत नाहीत, ते जमिनीवर जास्त जोर देतात, असं पीटर वेयँड यांनी २००० मध्ये दाखवलं. वळणावर त्या जोराचा काही भाग वळण्यात जातो, म्हणून माणूस तिथे मंदावतो. ग्रेहाउंड कुत्री मात्र वळणावर मंदावत नाहीत, असं २००५ मध्ये आढळलं. दोन प्राण्यांची मर्यादा दोन ठिकाणी असू शकते, हे यातून उघड झालं.

ताशी किलोमीटर हे माप सोडून शरीराच्या लांबीच्या पटीत वेग मोजला तर क्रमवारी उलटीपालटी होते. सहारातली रुपेरी मुंगी सेकंदाला तिच्या शरीराच्या १०८ पट अंतर कापते आणि कॅलिफोर्नियातली एक कोळीवर्गीय माइट ३२२ पट. टायगर बीटल हा भुंगा तर इतका जोरात धावतो की धावताना त्याच्या डोळ्यांना भक्ष्य नीट दिसत नाही. तो थांबतो, पाहतो, पुन्हा धावतो. कोणतं माप खरं, हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. जो प्रश्न विचारायचा त्यावर माप ठरतं.

पाठलागात काय घडतं

चित्ता धाव मध्येच का सोडतो? याचं उत्तर चाळीस वर्षं ठरलेलं होतं: त्याचं अंग तापतं. सी. रिचर्ड टेलर आणि व्ही. रॉनट्री यांनी १९७३ मध्ये प्रयोगशाळेतल्या ट्रेडमिलवर चित्ते पळवले होते. शरीराचं तापमान ४०.५ अंशांपर्यंत पोचलं की ते पळायचं नाकारत. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. मग रॉबिन हेटेम आणि सहकाऱ्यांनी नामिबियातल्या चित्त्यांच्या शरीरात तापमान नोंदवणारी यंत्रं बसवली आणि २०१३ मध्ये उलट चित्र मांडलं. धाव सोडताना तापमान फारसं वाढलेलं नव्हतं. ते धाव संपल्यावर वाढत होतं, आणि शिकार साधली असेल तर अधिक. शिकार दुसरं कोणी येऊन हिसकावेल या ताणाशी ही वाढ जोडली गेली. माझ्या मते या विषयातल्या सर्वांत शिकवणाऱ्या वादांपैकी हा एक आहे. ट्रेडमिलवरचा चित्ता खोटा नव्हता. तो रानातल्या चित्त्याला लागू पडणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हता.

तापमान नाही, तर मग काय? बोत्स्वानातल्या कॉलरींनी लक्ष दुसरीकडे वळवलं. चित्त्याची कमाल कमाल वेगात कमी आणि वेग घेण्यात, टाकण्यात, वळण्यात अधिक आहे. धाव घेताना त्याचा एक किलो स्नायू सुमारे १२० वॅट शक्ती देतो. ग्रेहाउंडमध्ये ती याच्या निम्मी असते. शिवाय या शिकारी केवळ उघड्या माळावर झाल्या नव्हत्या, झुडपांत आणि झाडांतही झाल्या होत्या.

२०१८ मध्ये विल्सन यांच्या गटाने चित्ता-इंपाला आणि सिंह-झेब्रा अशा दोन जोड्या तपासल्या. शिकारी प्राण्याचे स्नायू भक्ष्यापेक्षा २० टक्के अधिक शक्तिमान निघाले, त्याची वेग घेण्याची क्षमता ३७ टक्के आणि वेग टाकण्याची ७२ टक्के जास्त. मग भक्ष्य वाचतं कसं? ते पुढे असतं आणि केव्हा वळायचं हे तेच ठरवतं. पूर्ण वेगात वळायला वाव उरत नाही, मध्यम वेगात अनेक दिशा खुल्या राहतात. त्यामुळे इंपालाच्या दृष्टीने सर्वांत जोरात पळणं हा नेहमीच सर्वांत चांगला उपाय नसतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वोल या छोट्या शिकारी प्राण्यावरच्या प्रयोगात जोरात वळण घेणारे प्राणी घसरताना दिसले. जर्बोआ या उड्या मारत पळणाऱ्या वाळवंटी उंदरांवरच्या अभ्यासात अनपेक्षितपणे दिशा बदलण्याची त्यांची खुबी पुढे आली.

पण हे निष्कर्ष काही मोजक्या जातींवर आणि प्रामुख्याने एका भूप्रदेशात काढलेले आहेत. आफ्रिकी रानकुत्र्यांचं उदाहरण इथे बोलकं आहे. ते भक्ष्याला मैलोन्‌मैल पळवून दमवतात अशी समजूत होती. २०१६ मध्ये बोत्स्वानाच्या झाडोऱ्यातल्या कळपावर कॉलर बांधल्या, तर प्रत्येक कुत्रा छोट्या छोट्या, संधी साधून केलेल्या धावा घेताना आढळला. मग मोकळ्या गवताळ प्रदेशातल्या जुन्या नोंदी चुकीच्या होत्या, की जागा बदलली की शिकारीची रीतही बदलते? ताडोबा-पेंचमधल्या आपल्या रानकुत्र्यांबद्दलही दमवून मारण्याची तीच गोष्ट सांगितली जाते, म्हणून हा प्रश्न आपल्यालाही जवळचा आहे.

संथपणाचे हिशेब

वेगावर जितकं लिहिलं गेलं, तितकं संथपणावर नाही. संथपणा म्हणजे वेगाचा अभाव असं धरून चालल्याचा हा परिणाम.

मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या तीन बोटांच्या स्लॉथचा ऊर्जाखर्च सस्तन प्राण्यांत मोजलेल्या सर्वांत कमी खर्चांपैकी आहे, असं जोनाथन पॉली आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं. त्याच्या शरीराचं तापमान भोवतालच्या हवेबरोबर चढतं-उतरतं आणि पानं पचायला कित्येक दिवस लागतात. एक पक्ष म्हणतो, ही अन्नाने लादलेली मर्यादा आहे: पानांत ऊर्जा थोडी, म्हणून खर्चही थोडा. दुसरा पक्ष म्हणतो, संथपणा हेच संरक्षण आहे. केसांत शेवाळ वाढलेला, जवळजवळ न हलणारा प्राणी हार्पी गरुडाच्या नजरेला सहज सापडत नाही. पहिल्या पक्षापुढची अडचण आपल्या गावागावांत दिसते. आपलं वानरही पानं खातं, पोटातल्या जिवाणूंकडून ती आंबवून पचवतं, आणि तरी छपरांवरून झेपा घेतं. पण वानराच्या खाण्यात फळं, कळ्या, शेंगाही असतात, आणि ते दिवसातला बराच वेळ बसून काढतं, हेही लक्षात घ्यायला हवं. आठवड्यातून एकदा शौचासाठी जमिनीवर उतरून स्लॉथ एवढा धोका का पत्करतो, यावरही एकमत नाही. त्याच्या केसांतल्या पतंगांशी आणि शेवाळाशी त्याचा संबंध पॉली यांनी जोडला आहे, इतरांना तो पुरेसा वाटत नाही.

कासवाची बाजू अधिक स्वच्छ आहे. रॉजर वोलेज यांनी १९६८ मध्ये कासवाच्या स्नायूंची उष्णता मोजून दाखवलं की ते फार हळू आखडतात, पण तेवढ्याच ऊर्जेत इतरांपेक्षा जास्त काम करतात. वेग आणि काटकसर एकाच स्नायूत एकत्र मिळत नाही. अंगावर कवच असल्यावर कासवाने काटकसर निवडणं समजण्यासारखं आहे.

आर्क्टिकमधल्या ग्रीनलंड शार्कचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ०.३४ मीटर आहे, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्याच्याही निम्म्याहून कमी. थंड पाण्यात थंड राहणारे स्नायू हे त्याचं कारण मानलं जातं. हाच मासा २७२ वर्षं तरी जगतो, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मंद चयापचय आणि दीर्घायुष्य यांचा संबंध इथे उघड वाटतो, पण सगळ्या प्राण्यांवर तो नियम म्हणून लावता येत नाही. आणि शॅमेलिऑन सरडा? त्याचे पाय फांदीवर हलतडुलत पडतात, पण जीभ ताणलेल्या तंतूंत साठवलेल्या ऊर्जेने इतक्या झपाट्याने सुटते की नुसत्या स्नायूला ते जमलंच नसतं. एकाच शरीरात दोन टोकं नांदतात. अशा वेळी प्राणी हळू की जलद, हा प्रश्न अवयवानुसार विचारावा लागतो.

गरज गेल्यावर वेग उरतो का?

उत्तर अमेरिकेतल्या प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याचा वेग ताशी ८५ च्या पुढे सांगितला जातो, आणि त्याची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता त्याच्या आकाराच्या प्राण्याकडून अपेक्षेच्या तिप्पट असल्याचं १९९१ मध्ये मोजलं गेलं. आज तिथल्या कोणत्याच शिकाऱ्याला पूर्ण वाढलेला प्राँगहॉर्न वेगाने गाठता येत नाही. जॉन बायर्स यांनी १९९७ च्या पुस्तकात मांडलं की हा वेग सुमारे १२,००० वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या शिकाऱ्यांमुळे, विशेषतः मिरॅसिनॉनिक्स या अमेरिकी चित्त्यामुळे घडला आणि आजवर टिकून राहिला. ही कल्पना सुंदर आहे आणि म्हणूनच तिची कसून तपासणी व्हायला हवी. आक्षेप तीन आहेत. प्राँगहॉर्नच्या पूर्वजांचे पाय मिरॅसिनॉनिक्सच्या आधीच लांब झालेले होते. तो प्राणी चित्त्यापेक्षा प्यूमाच्या जवळचा होता, आणि ग्रँड कॅन्यनमधल्या गुहांतल्या हाडांवरून तो कड्याकपाऱ्यांतही शिकार करत असावा. आणि लांडग्यांचे कळप, खोल बर्फ, नरांची आपसातली शर्यत ही इतर कारणं बायर्स यांच्या मांडणीत मागे पडतात.

आपल्याकडे हाच प्रश्न काळविटाच्या रूपाने उभा आहे. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. रेहेकुरी आणि नान्नजच्या माळांवर काळवीट आजही तितक्याच जोमाने उधळतं. पण प्राँगहॉर्नशी त्याची सरळ तुलना करू नये. चित्ता जाऊन इथे काही दशकंच झाली, आणि लांडगा अजून गेलेला नाही. नर आपापल्या हद्दी राखताना एकमेकांचा पाठलाग करतात, तेव्हा वेगाची गरज शिकाऱ्याशिवायही राहते. काळविटाच्या धावेवर सर्वांत मोठा हात चित्त्याचा, लांडग्याचा की प्रतिस्पर्धी नराचा, हे ठरवायचं तर नर आणि माद्या यांचे वेग वेगवेगळे मोजावे लागतील. शिकाऱ्याचा दाब मुख्य असेल तर दोघांत फार फरक पडू नये. नरांची स्पर्धा मुख्य असेल तर पडावा.

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोला आणले गेले. कुनो हे बहुतांशी कोरडं पानझडी जंगल आहे, हलवलेल्या गावांच्या शेतांवर वाढलेली गवताळ मैदानं मध्ये मध्ये आहेत, आणि चित्त्यांचं तिथलं मुख्य भक्ष्य चितळ आहे. चितळ हा माळावरचा धावपटू नाही, तो झाडीचा आडोसा घेणारा, झटकन वळणारा प्राणी आहे. बोत्स्वानात वापरल्या तशा प्रवेगमापक कॉलर चित्ते आणि चितळ दोघांच्याही गळ्यात बांधल्या, तर वळण महत्त्वाचं की वेग या वादाला आफ्रिकेबाहेरचा, वेगळ्या भक्ष्याचा पुरावा मिळू शकेल. बोत्स्वानात ५४ च्या आसपास आलेली सरासरी कुनोच्या झाडीत आणखी खाली जाते का, हे त्यातून कळेल.